घरी स्वयंपाक झाला आहे

आई, मला शाळेत पाठवताना तू डब्याचं झाकण गुडघ्याखाली दाबून बसवायचीस, कारण त्याची एक कड चेपलेली होती. कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्मवर वरणाचा डाग पडायला नको, एवढंच तुझं म्हणणं. तोच डबा इथे बहरीनला, झिंजमधल्या माझ्या ओट्यावर समोर ठेवून लिहिते आहे.

मी सातवीत असताना एकदा याच डब्यातून श्रीखंड-पुरी घेऊन घरी पळत आले होते. दवाखान्याच्या लॉन्ड्रीतून तू नुकतीच परतली होतीस, हातांना अजून साबणाचा वास. "कुठून आणलं?" मी सांगितलं, मैत्रिणीकडे काल लग्न होतं, तिच्या आईनं दिलं. तू विचारलंस, "कोणत्या दारातून दिलं?" मी म्हटलं, "मागच्या." तू पुन्हा चपला घातल्यास. नागपूरच्या त्या उन्हात मला चालवत नेताना एकदाच बोललीस, "तुझी आजी पाटलाच्या मागच्या दारी पदर पसरून उभी राहे. दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं तो पदर झटकला. आता तू पसरून राहिली का?" त्यांच्या पायरीवर तू मला डबा रिकामा करायला लावलास आणि म्हणायला लावलंस, "थँक्यू, आमच्या घरी स्वयंपाक झाला आहे." झाला नव्हता. घरी येऊन तू चूल पेटवलीस आणि मी भात शिजेपर्यंत रडत बसले.

गेल्या महिन्यात लेकीनं मला इंग्लंडला नेलं. ट्यूडर राजांच्या काळातला किल्ला, वीस जणांचा ग्रुप, जुन्या पद्धतीचा झगा घातलेली गाइड. राजाच्या मुदपाकखान्यात ती आम्हाला सांगते आहे, की मोठ्या लोकांचं जेवण झालं की रश्श्यात भिजलेले पावाचे तुकडे टोपलीत गोळा करायचे आणि गेटवर थांबलेल्या गरिबांना वाटायचे. मग ती माझ्याकडे बघून हसते. "काय सुंदर ओढणी आहे तुमची, या ना पुढे." मी जाते. ती मला ओढणी पसरायला सांगते, वरून पाव टाकते, सगळे टाळ्या वाजवतात, लेक फोटो काढते. आणि मी, सिस्टरांनी शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत, तिचे आभार मानते.

मग मी पाव तिथल्या दगडी पायरीवर ठेवला आणि मराठीतच म्हणाले, "आमच्या घरी स्वयंपाक झाला आहे." लेक जवळ येऊन कुजबुजली, "मम्मा, इट्स जस्ट अ गेम." तिचं काय चुकलं? मी तिला कधी काही सांगितलंच नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं, आज तू असतीस तर माझ्या पाठीवरून हात फिरवला असतास. आणि तेव्हाच तो भात आठवला.

तू बहरीनला आली होतीस तेव्हा मी मीना सलमान बंदरावरच्या एका गोदामात क्लार्क होते. त्या दिवशी ऑफिसात पार्टी झाली, आणि साहेब म्हणाले, "यल्ला, ले जाओ, खाना फेंकना हराम है." मी दमले होते. फॉइलच्या ट्रेमधला मटणाचा भात घरी आणला, पातेल्यात काढला, गरम केला. तू विचारलंस, "तू केला?" मी हो म्हटलं. तू दोनदा वाढून घेतलास. नागपूरला जाऊन सगळ्या गल्लीला सांगितलंस, माझ्या लेकीच्या हाताला काय चव आहे. शेवटच्या आजारपणात फोनवर म्हणालीस, "येशील तेव्हा तो भात कर." लीव्ह मिळून मी पोचले तेव्हा तू नव्हतीस.

आई, तो उरलेला होता. सगळ्यांचं जेवून झाल्यावरचा.

पुढच्या आठवड्यात इथल्या सलमानिया हॉस्पिटलात माझं ऑपरेशन आहे. लेकीसाठी चिठ्ठी करून ठेवली आहे, इंग्रजीत, कारण तिला मराठी समजते पण वाचता येत नाही. तुझ्या कुड्या मावशीला. तुझी पांढरी साडी कुणालाच नाही, वेळ आलीच तर ती माझ्या अंगावर घालायची. हे पत्र तिच्याच घडीत राहील. डबा लेकीला. झाकण गुडघ्यानं दाबावं लागतं. कुणाला त्यातून काही द्यायचं झालं तर आपण जेवायच्या आधी भरायचं, आणि पुढच्या दारातून द्यायचं.

तो भात मला अजूनही करता येत नाही.