गाळलेला परिच्छेद

आई,

फ्रिजवर तू चिकटवलेलं ते गाव मी पाहून आले. तू काम करायचीस त्या हॉटेलात कुणा पाहुण्याने टाकून दिलेल्या मासिकातलं पान होतं ते: ग्रीसचं बेट, उंच कडा, कड्याला बिलगलेली पांढरी घरं आणि खूप खाली समुद्र. लंडनला, हाउन्सलोच्या आपल्या किचनमध्ये फोडणीच्या धुराने पिवळं पडलं तरी ते तिथेच होतं. घरी येणारं कुणीही म्हणायचं, किती सुंदर! आणि तू पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "सुंदर आहे, पण एवढं पांढरं रोज पुसतं कोण?" तुला जाऊन नऊ वर्षं झाली. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे, म्हणून लिहायला बसले. तेवढंच एक कारण नाही, पण सुरुवात तिथून करते.

सुट्टी मी मागितली नव्हती. मी कौन्सिलच्या हाउसिंग विभागात आहे. भिंतींना ओल आलेल्या फ्लॅटमधल्या लोकांच्या वतीने पत्रं लिहिते, फोन करते, पुन्हा पत्रं लिहिते. आपल्या घरातली पहिली डिग्री अशी कामाला लागली आहे. नोकरी मिळाली तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षांत निदान एक बिल्डिंग तरी कोरडी करून दाखवेन. गेल्या महिन्यात एका आजींना त्यांच्याच भिंतीचा फोटो चौथ्यांदा पाठवायला सांगितला, आणि फोन जरा जोरातच ठेवला. मॅनेजर म्हणाली, "तुझी रजा पडून आहे. जा बाई कुठेतरी." कुठेतरी म्हटल्यावर मला ते पिवळं पानच आठवलं.

गाव फोटोतल्यासारखंच आहे. संध्याकाळी सगळे पर्यटक कड्याच्या टोकाला गोळा होतात आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं, सांग त्यांना, उद्या परत येणार आहे तो." सगळे वाजवत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. पाय भरून आले होते. गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते. तिथून खोलीपर्यंत शंभरावर पायऱ्या उतरायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि हात आपोआप पलंगाकडे गेले. तू करायचीस तसंच सगळं केलं. उशांचे अभ्रे काढून चादरीत घातले, चादरीचं गाठोडं दाराशी ठेवलं, टॉवेलांचा बाथरूममध्ये ढीग केला. लेस्टरला लग्नाला जाऊन हॉटेलात उतरलो होतो तेव्हाही निघण्याआधी तू हे केलं होतंस, नव्या साडीचा पदर खोचून. "मागून येणाऱ्या बाईचं तेवढंच वाकणं वाचतं," म्हणाली होतीस. फक्त तू ते निघायच्या दिवशी करायचीस. मला अजून दोन रात्री राहायचं होतं.

खोली आवरणारी बाई तुझ्याच वयाची होती, म्हणजे तू गेलीस तेव्हाच्या वयाची. दारातच थांबली. "आज जाणार?" तिने तोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नाही, परवा. तुम्हाला मदत व्हावी म्हणून काढलं."

तिने गाठोड्याकडे पाहिलं, मग वर पायऱ्यांकडे. "मदत? चादर उद्या बदलायची. धुतलेल्या सगळ्या वर, गाडीत. आता मी वर जाणार, खांद्यावर घेऊन खाली येणार. विचारायचं ना आधी!"

मी म्हटलं, मी जाऊन आणते. ती हसलीच. "पाहुणी चादरी वाहते, मालक बघतो. मग उद्या मी कामाला कुठे जाऊ?"

शेवटी आम्ही ते गाठोडं सोडलं आणि तीच चादर दोघींनी मिळून पुन्हा घातली. मी दुमडलेला कोपरा तिने बोटाने चाचपून पाहिला. "हे कुणी शिकवलं?"

"आईने. हॉटेलात काम करायची."

"आणि विचारायला नाही शिकवलं?" ती थट्टेनेच म्हणाली. जाताना तिने चुन्याच्या बादलीतून ब्रश काढला आणि पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीवर बॅगांनी उठवलेले काळे ओरखडे एकेक करून पांढरे करत वर गेली. एवढं पांढरं रोज ती पुसते, आई.

खरं तर विचारायलाही तू शिकवलं होतंस. अजून डोळ्यांसमोर आहे ते: मी सोळा वर्षांची आहे. विमानतळाजवळच्या तुझ्या हॉटेलात दर शनिवारी तुझ्याबरोबर काम करते. चौथा मजला तुझा. कॉरिडॉरच्या टोकाला एक खिडकी आहे, तिथून विमानं उतरताना दिसतात, आणि तू नि तुझी मैत्रीण तिथे उभ्या उभ्या चहा पिता. मला चहा दिसत नाही. मला फक्त दिसतं की खोल्या फार आहेत, वेळ कमी आहे आणि तू जिना उतरताना कंबर धरतेस. मी हॉटेलच्या मॅनेजरला दोन पानी पत्र लिहिते, उदाहरण म्हणून तुझं नाव घालते आणि स्वतः नेऊन देते. पुढच्याच आठवड्यात तुला तळघरातल्या लॉन्ड्रीत हलवतात. शिक्षा असं कुणी म्हणत नाही. "तुमची मुलगी म्हणते तुमची कंबर दुखते, म्हणून बसून करायचं काम दिलंय," असं म्हणतात. तिथे खिडकी नाही. मैत्रीण वर राहते.

त्या संध्याकाळी तू ओरडली नाहीस. "आल्या आमच्या वकिलीणबाई," एवढंच म्हणालीस आणि ताट वाढलंस. मग, माझ्याकडे न बघता, "माझ्यासाठी बोललीस ते ठीक. पण मला विचारलंस का? मला आवडत होता चौथा मजला." मी वरणात भात कालवत राहिले. सॉरी म्हटलं नाही. मला तेव्हा खरंच वाटत होतं की चूक त्यांची आहे, आणि चूक त्यांची असली की माझी उरत नाही.

पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या अर्जासाठी मी स्वतःबद्दल निबंध लिहिला. तू लॉन्ड्रीतून आली होतीस, हात वाफेने लाल झालेले. खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "वाच की मराठीत, मलाही कळू दे." मी वाचला. तू डोळे मिटून ऐकलास. संपल्यावर विचारलंस, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

एवढंच नव्हतं. तुला वाचून दाखवताना मधला एक परिच्छेद मी गाळला होता. बहुतेक त्याच परिच्छेदावर मला प्रवेश मिळाला, आणि नोकरीच्या मुलाखतीतही मी तोच सांगितला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा आता तो मराठीत लिहून टाकते: "माझ्या पत्रामुळे आईला हलकं काम मिळालं. आई खूश आहे."

तुला विचारलं नव्हतं.