ताटाची डावी बाजू

न्यू लिन, ऑकलंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

आधी ताजी बातमी. व्हॅन मिळाली. भाड्यानं देणाऱ्या कंपनीतल्या सुरेशनं काल सकाळी फोन करून पक्कं सांगितलं: सहा जण झोपतील एवढी, आत शेगडी आणि फ्रीज, ३ ते ९ जानेवारी. टोंगारिरो नॅशनल पार्कातल्या कॅम्पमध्ये चार रात्रींची जागाही मिळाली. आम्ही ऑकलंडहून निघू. तू पामर्स्टन नॉर्थहून बसनं तुरांगीला ये, तिथून तुला घेऊ.

अडचण एकच. गाडी हातानं गिअर टाकायची आहे आणि दहा वर्षांत मी ऑटोमॅटिकखेरीज काही चालवलेलं नाही, तेही एवढं मोठं धूड कधीच नाही. म्हणून दुसरा चालक म्हणून आप्पांचं नाव देतोय. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचं लायसन्स चालू आहे. चौतीस वर्षं एसटी चालवलेला, पसरणीचा घाट रोज उतरलेला माणूस घरात असताना मी कशाला घाबरू? नावं १२ डिसेंबरपर्यंत द्यायची आहेत. विचारल्यापासून त्यांनी बॅगेतून विनाअपघात सेवेचा बिल्ला काढून पुसून ठेवलाय. इरा म्हणते, आजोबा हीप्स एक्सायटेड आहेत, म्हणजे भलतेच खूश.

दीप्ती मात्र रुसली आहे. तिच्या जवसाच्या चटणीला आप्पा हल्ली बोट लावत नाहीत, कोशिंबीरही तशीच राहते. ब्लडप्रेशरमुळे मीठ सोडलं असेल, अशी मी तिची समजूत घातली. ऑक्टोबरात तुझ्याकडे दहा दिवस होते, तेव्हा काय खायचे ते कळव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
मोरेश्वर


पामर्स्टन नॉर्थ
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
निशाचा शि. सा. न.

पत्र पोचलं. माझ्या लॅबमध्ये रजा मंजूर झाली. तुरांगीला येते. जेवणाचं मी बघते, तुम्ही फक्त वहिनीचा मसाल्याचा डबा आणा. इराला सांग, तिथल्या पाण्यात पाय बुडवला तरी ओरडशील, तेव्हा पोहायचे कपडे, तुझे टॉग्ज, नाही आणलेस तरी चालेल.

दादा, व्हॅन तूच चालव. आप्पांना या वयात कशाला दगदग? त्यांना खिडकीतून डोंगर बघू देत. हातात स्टिअरिंग असलं की डोंगर दिसत नाहीत. गिअरची सवय आठवड्यात होते. तुला सांगणारी मी, म्हणजे तू हसशीलच, पण एखादी जुनी गाडी मिळवून सराव कर. नाहीतर आपण बसनं जाऊ, केबिन घेऊ. खरंच चालेल मला.

आप्पा इथे व्यवस्थित जेवत होते. चटणीचं आठवत नाही.

जास्त काय लिहू? सगळ्यांनी जपून राहा.
निशा


न्यू लिन, ऑकलंड
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या घरची रीत तू विसरलीस वाटतं. पाकीट कुणाच्याही नावाचं असो, आप्पा फोडणार आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार. साताऱ्यात होतं तेच इथे. तुझं पत्र त्यांनी जेवायच्या टेबलावर वाचून दाखवलं. व्हॅन तूच चालव, या वाक्यावर हसले आणि निशाला घाटातली गाडी काय कळते, असं म्हणाले. मग अर्धी पोळी ताटात टाकून उठले. दुसऱ्या दिवशी बिल्ला टेबलावर नव्हता.

हे तू का केलंस? आई गेल्यापासून या माणसाला मी पहिल्यांदा कशाची तरी वाट बघताना पाहिलं. इथे आल्यापासून ते आमच्या घरात पाहुण्यासारखे वावरतात. मंगळवारी इराला पोहायला नेतात, तेही हल्ली बसनं. चालणं होतं म्हणतात. त्यांच्या हातची एक गोष्ट त्यांना द्यावी असं मला वाटलं. तू दूर राहून सल्ले देतेस, इथे त्यांचा चेहरा मला बघावा लागतो.

आणि खरं सांगतो, मला त्या व्हॅनची भीती वाटते. इरा मागे बसलेली असताना उतारावर माझ्या हातून गिअर चुकला तर, हा विचार सारखा येतो. आप्पा शेजारी नकोत, स्टिअरिंगवर हवेत.

तुझ्याकडे कारण असेल तर स्पष्ट लिही, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. पत्ता मागे दिला आहे. फोन करू नकोस, या घरात फोनही स्पीकरवरच असतो. कारण नसेल तर बाराला मी त्यांचं नाव देतो.

रागावलोय, तरी तुझाच,
मोरेश्वर


पामर्स्टन नॉर्थ
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

कारण आहे. मी शब्द दिला होता, तो मोडतेय.

ऑक्टोबरात आप्पा इथे होते तेव्हा आम्ही लायब्ररीत निघालो होतो. माझी गाडी ते चालवत होते. राउंडअबाउटवर डावीकडून एक मुलगी सायकलवरून आली. लांबून, सावकाश, पिवळं जाकीट घालून. मी ओरडले तरी त्यांना कळेना कुठे बघायचं. मी हातानं स्टिअरिंग ओढलं. तिचं कोपर खरचटलं, पुढचं चाक वाकलं. बिचारी विद्यार्थिनी, उलट आप्पांनाच पाणी देत होती, स्वीट ॲज, काही झालं नाही, म्हणत होती. तिला जवळच चालत घरी सोडून, सायकल दुरुस्तीला देऊन आले, तर आप्पा गाडीत तसेच बसलेले. मोरूला सांगू नकोस, एवढंच म्हणाले.

नजर चुकली असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग तुझं चटणीचं वाक्य वाचलं. दादा, त्यांना चटणी नको आहे असं नाही. ती ताटात डावीकडे असते. कोशिंबीर, लिंबू, मीठ, सगळं डावीकडे. माझ्याकडेही तेवढंच उरायचं आणि मी मुकाट्यानं ताट घासायची. त्यांना ते दिसतच नाही. आठवत नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. पत्र तेच वाचतील हे मला माहीत होतं.

डोळा आहे की मेंदू, मला कळत नाही. नाव देऊ नकोस. डॉक्टरकडे ने. आणि माझ्यावर रागाव, पण त्यांच्यावर नको.

लोभ आहेच, या पत्रानंतरही तो राहावा.
निशा


न्यू लिन
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. निशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पाकिटावर घरचा पत्ता होता. मोरू म्हणतो, तुला ऑफिसचा दिला होता. घरचा लिहिलास तो हाताच्या सवयीनं की आणखी कशानं, ते मी विचारणार नाही.

नेहमीसारखं फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. दीप्ती पोळ्या लाटत होती. लायब्ररीपाशी माझा आवाज बंद झाला. पुढे काय, असं इरा इंग्रजीत विचारत राहिली. तिला मराठी वाचता येत नाही, हे त्या दिवशी बरं वाटलं. मग मीच दीप्तीला म्हटलं, पुढचं तू वाच. तिनं वाचलं आणि माझं वाढलेलं ताट फिरवून ठेवलं. चटणी उजवीकडे आली. मुली, तीन महिने मला वाटत होतं की सूनबाई मला चटणी वाढायचीच बंद झाली. मागायची कशी, म्हणून गप्प होतो.

शुक्रवारी मोरू मला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेला. एका यंत्रात बघायचं, दिवा लागला की बटण दाबायचं. उजवीकडे भराभर दाबलं. डावीकडे दिवे लागलेच नाहीत. तपासणाऱ्या मुलीला तसं सांगितलं तर ती हळूच म्हणाली की लागत होते. डोळे चांगले आहेत, मेंदूला लहानसा झटका येऊन गेला असावा, असं तिला वाटतं. तातडीनं हॉस्पिटलला कळवलं आहे. गुरुवारी, अकराला, साडेदहा वाजता स्कॅन आहे.

त्या सायकलवाल्या मुलीनंतर मी इराला एकदाही गाडीतून नेलं नाही. बसचं कारण ते. म्हणजे मलाही कळलं होतं. तरी मोरूला हो म्हणालो. या घरात आल्यापासून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. नाही म्हणता आलं नाही. चौतीस वर्षांत जे केलं नाही ते मी नातीला मागे बसवून करायला निघालो होतो. शब्द मोडलास म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तो मागायलाच नको होता.

फॉर्मवरचं माझं नाव मी स्वतः खोडलं. मोरू शुक्रवारी नुसतं स्वतःचं नाव देईल. सुरेशनं ओळखीतल्या एकाची जुनी हातगिअरची गाडी मिळवून दिली आहे. काल मोकळ्या पार्किंगमध्ये त्याला दोन तास बसवलं. क्लचवर पाय ठेवून बसतो, डेपोत असता तर शिव्या खाल्ल्या असत्या. उतार लागायच्या आधी गिअर कमी करायचा, लागल्यावर नाही, हे चाळीस वेळा सांगितलं. शिकेल. घाबरतो, ते चांगलं आहे.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर तीन तारखेला सकाळी सहाला निघू. मोरू चालवेल, मी शेजारी बसेन. दुपारी तुरांगीला पोचू. बसथांब्यावर रस्त्याच्या उजव्या हाताला उभी राहा, म्हणजे सगळ्यांच्या आधी मला दिसशील.

आप्पा