त्या माणसाचं माप

प्रिय धाकल्या,

फोन उचलत नाही म्हणून धुमसत असशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? कागदावर निदान मध्येच तोंड तरी घालता येणार नाही तुला.

तुझे भावजी बरे आहेत म्हटलं तर ते खोटं होईल. डायलिसिसहून आले की भिंतीकडे तोंड करून पडतात आणि संध्याकाळी दुकानात बसायचा हट्ट धरतात. शिलाई मशीन रेटायची ताकद नाही, नुसती काजंबटणं करतात. किडनीसाठी रुग्णालयाच्या यादीत नाव घालून वर्षं लोटली. देवाकडे मागायचं तरी काय, तेच मला कळत नाही. नंबर लागू दे म्हणायचं, म्हणजे कुणाच्या तरी घरी रडारड होऊ दे म्हणायचं! हे म्हणतात, काही मागू नकोस, नुसती हाक मार. मला नाही बाई जमत. मी सरळ भांडते त्याच्याशी.

तू ठरवलेला एजंट येऊन गेला, किडनी विकायला तयार झालेल्या त्या माणसाला घेऊन. आमच्यासाठी तुझा जीव तुटतो म्हणूनच केलंस, कळतं रे मला. एजंटाची टकळी सुरू होती, कागदोपत्री दूरचा भाऊ दाखवू, बिनबोभाट उरकू. तो माणूस दाराशी अंग चोरून उभा. औषधांनी ह्यांचं डोकं हल्ली गुंगीतच असतं. ह्यांना वाटलं, गिऱ्हाईक आलंय. उठले, गळ्यातली टेप काढली आणि माप घ्यायला लागले. त्यानंही मुकाट्यानं हात वर केले. कंबरेला टेप लावली तर शाळकरी पोराएवढी कंबर. तेव्हा कुठे ह्यांच्या लक्षात आलं, हा कोण ते. टेप तशीच धरून उभे राहिले. घरी कोण कोण आहे, विचारलं. दोन मुली, तो म्हणाला. एजंट मध्ये बोलायला गेला, तर हे असे कडाडले की मीच दचकले. मग दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

ते गेल्यावर मी आकांडतांडव केलं. देवानं दारात आणून दिलं आणि तुम्ही लाथाडलंत! तर म्हणे, देवानं दिलेलं असतं तर त्या माणसाची मान खाली नसती. थांबा म्हणालाय देव, थांबू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगू? आतून मला हायसंही वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. काल मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. हृदय फार अशक्त झालंय, ऑपरेशन झेपणार नाही, म्हणून यादीतून नाव काढलं. हे नुसतं बरं म्हणाले आणि डॉक्टरांच्या कोटाचं लोंबणारं बटण त्यांना दाखवलं. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. देवाला म्हटलं, तुझं सगळं ऐकलं आम्ही, आता शेवटपर्यंत इथून हलू नकोस. देवाचं काही कळत नाही, तू मात्र लगेच ये. तेव्हाच ऐकलं असतं तर, असं तुझ्या ओठांवर येईल. माझ्याही येतं, मी गिळते. तूही गिळ. ते तुला विचारतील, माझं चुकलं का रे? नाही म्हण. मला विचारलं होतं त्यांनी, आणि मला तसं म्हणता आलं नाही.

तुझीच,
ताई