अर्जदाराच्या मेंदूविषयी घाईने झालेल्या निदानाबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : शिष्यांनी केलेल्या निदानावरून गुरूला दिलेली सक्तीची वैद्यकीय रजा रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे रजेचे पत्र, जे अर्जदाराच्या हाती भर शिकवणीत देण्यात आले.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार आपल्या महाविद्यालयात पॅथॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांना मेंदू व मज्जासंस्थेचे आजार स्लाइडवर ओळखायला शिकवतो. आमच्याकडे पेशंट काचेच्या पट्टीवर येतो आणि कसलीही कुरकुर करत नाही. कुरकुर फक्त निवासी डॉक्टर करतात. कंपवात (पार्किन्सन) शिकवताना अर्जदाराने त्यांना बजावले होते, "नुसत्या स्लाइडी बघू नका रे, आजूबाजूची माणसंही बघा." त्यांनी पाहिले, नेमका अर्जदारच सापडला, आणि तसा अहवाल आपल्या कार्यालयात गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. तरीही तक्रार करणे भाग आहे.

१. निवासी डॉक्टरांच्या अहवालातील पहिले लक्षण : 'चालताना सरांचा डावा हात हलत नाही.' हलणार कसा? तो खिशात स्लाइडच्या कपाटाची किल्ली धरून असतो, कारण कपाट उघडे राहिले की परीक्षेच्या तोंडावर अवघड स्लाइडींना पाय फुटतात. 'अक्षर बारीक झालंय.' स्लाइडच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी जागा असते आणि त्यावर लिहिण्यात उभा जन्म गेला. 'चेहऱ्यावर भाव नसतात.' हे मान्य आहे. अनेक नळ्यांच्या एकाच मायक्रोस्कोपला सगळे डोळे लावून बसतात खरे, परंतु निम्मेजण स्लाइडऐवजी अर्जदाराच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतात. भुवई वर गेली की 'गाठ', ओठ मुडपले की 'सूज'. सबब अर्जदाराने चेहरा बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले. 'वास येत नाही.' फॉर्मॅलिनच्या बरण्यांत जन्मभर नाक घातल्यावर दुसरे काय व्हायचे? मात्र याच्या पुराव्यासाठी अर्जदाराच्या टेबलाखाली नासके केळे ठेवण्यात आले होते, ही बाब आपल्या नजरेस आणून देत आहे. केळे शेवटी सफाईवाल्या बाईंना सापडले आणि त्या अर्जदारालाच बोलल्या.

२. आमच्या शास्त्रात शेवटचा शब्द मायक्रोस्कोपचा असतो. मेंदूचा छेद पाहिल्याखेरीज कंपवात हा निव्वळ अंदाज. अर्जदाराने सदर मेंदू अर्जासोबत जोडला असता, परंतु तो सध्या वापरात आहे.

३. शिवाय, निदान चुकीचे असेल तर या मुलांना शिकवणीची नितांत गरज आहे, आणि शिक्षकाला घरी बसवता येत नाही. निदान बरोबर असेल तर शिक्षकाने त्यांना उत्तम तयार केले आहे, आणि अशा शिक्षकाला घरी बसवणे हा धडधडीत अन्याय आहे. कसेही पाहिले तरी रजा रद्द ठरते. हा मुद्दा अर्जदाराने घरी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. "मुद्दा बिनतोड आहे," त्या म्हणाल्या. "पण पंखा बंद आहे, मग तुमच्या मांडीवरचा पेपर का फडफडतोय ते सांगा."

४. त्यानंतर अर्जदाराने स्वतःकडे पाहिले. डावा हात निवांत पडला की थरथरतो, उचलला की थांबतो. हे लक्षण अर्जदार वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आला आहे. अहवालात ते नाही, कारण हात खिशात होता. तो किल्लीसाठीच खिशात होता, असे अर्जदार आता शपथेवर सांगू इच्छित नाही. त्या संध्याकाळी अर्जदार घाबरला. सौभाग्यवतींनी पेपर उचलून ठेवला आणि "आधी जेवून घ्या" म्हणाल्या.

५. सबब वरील विषयाची ओळ आधीच टाइप झाली असल्यामुळे तशीच राहू द्यावी, मागणी मात्र बदलली आहे. रजा कायम राहो. पण अहवाल अपुरा आहे. मुलांनी अर्जदाराला दाराआडून पाहिले, जिन्यावरून पाहिले, काचेतून पाहिले. जवळ कोणी आले नाही. त्यांच्यातली थोरली परवा फोनवर रडत म्हणाली, "सर, तुम्हाला हात लावायचा धीरच झाला नाही." महोदय, कंपवाताचा ताठरपणा डोळ्यांना दिसत नाही. मनगट हातात घेऊन सावकाश हलवावे लागते, तेव्हा तो अडखळत अडखळत बोटांना कळतो. काचेवरच्या पेशंटकडून हे शिकता येत नाही. एवढा धडा राहिला आहे.

तरी येत्या बुधवारी एक तासभर अर्जदारास शिकवणीच्या खोलीत बसू द्यावे, शिक्षक म्हणून नव्हे, पेशंट म्हणून. प्रत्येकाने समोर येऊन, नाव विचारून, नीट तपासावे. जो चुकेल त्याला पुन्हा करायला लावण्याचा हक्क अर्जदार राखून ठेवत आहे. एक गोष्ट आपण त्यांना आधी सांगावी, अर्जदाराच्याने सांगवणार नाही : हात थरथरला तर तो थांबवायला जाऊ नका. नुसता धरून ठेवा.

आपला नम्र, पण अजून शिकवण्याजोगा,
(सही, जमली तशी)
शिक्षक, पॅथॉलॉजी विभाग

दिनांक : रजेतला पहिला शुक्रवार
सोबत : रजेचे पत्र (चुरगळले होते, इस्त्री करून जोडले आहे)