टेपच्या तालावर

सोमवार, ३
आले एकदाची नव्या घरात. नणंदेच्या घराची वरची खोली. स्वच्छ, हवेशीर, भिंतीवर घड्याळ, खाली सायकलवाल्याचं दुकान. नणंद म्हणाली, वहिनी, आता हातपाय पसरून राहा. मी म्हटलं, आधी एक टेबल दे. त्यावर ह्यांचं डिजिटल टेपयंत्र मांडलं. हे जाऊन वर्ष झालं. आवाज उरलाय तो एका टेपवर, आणि यंत्र मरायला टेकलंय. लेक रविवारी येणार, तिच्या बाळाला आजोबांचा आवाज ऐकवायचाय, म्हणून टेप कॉम्प्युटरात उतरवायची. वायर लावायची, बटण दाबायचं. त्यात काय एवढं! लेकीनं बजावलंय, काय जोडलंस ते रोज लिहून ठेव, नाहीतर विसरशील.

मंगळवार, ४
डोक्याला ताप नुसता. यंत्राच्या पाठीला भोकं, कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला भोकं, आणि एकाची वायर दुसऱ्यात जाईल तर शपथ. वायरवाल्याकडे गेले. त्यानं प्रकाशाची वायर दिली, आवाज उजेडातून नेणारी, टोकाला लाल उजेड येतो तसली. सबंध दुपार जोडत बसले, हूं नाही की चूं नाही. परत जाऊन त्याच्यावर डाफरले. त्यानं वायर उलटसुलट पाहिली आणि टोकावरचं इवलंसं प्लास्टिकचं टोपण काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणे, मावशी, बूच न काढताच बाटली ओतत होतात की! दात काढत होता मेला.

बुधवार, ५
आवाज आला! पण मधेमधे टक्, टक्. ह्यांचं प्रत्येक वाक्य उंदरानं कुरतडल्यासारखं. वायरवाल्याला घरी आणला. तो म्हणाला, दोन्ही यंत्रं आपापल्या तालावर चालतात, म्हणून टकटक. एकानं ताल धरायचा, दुसऱ्यानं निमूट मागून जायचं. मी म्हटलं, संसारात मी दुसरं काय केलं? नणंद खो खो हसली. त्यानं पडद्यावरच्या एका चौकोनात खूण केली, आता कॉम्प्युटर टेपच्या तालावर. टकटक बंद. अगं, ऐकतेस का, हे म्हणाले, अगदी जवळून. सवयीनं तोंडातून निघालं, ऐकतेय, बोला.

गुरुवार, ६
टेप अर्ध्यावर अडकते. दर खेपेला पहिल्यापासून. वैताग! त्यात भिंतीवरचं घड्याळ. टेप अडकली की तेही थांबतं, टेप चालली की चालतं. सेल बदलला, तेच. उतरलेलं ऐकलं, तर ह्यांच्या मागोमाग माझा आवाज: ऐकतेय, बोला. माइक तर लावलेलाच नाही! वायरवाला म्हणतो, मावशी, असं होत नसतं. होत नसतं म्हणे. मग हे काय, माझं डोकं?

शुक्रवार, ७
नणंद रडवेली झालीय. म्हणते, चहा घेऊन आले तर तू वायर धरून उभी, पापणी हलेना, किती हाका मारल्या. मग तिचा धक्का यंत्राला लागला, टेप सुरू झाली, आणि मी म्हणे विचारलं, आलीस होय? मला तर ती आत्ताच आलेली. पण चहावर साय धरली होती —

शनिवार, ८
वायर उपटली. लाल उजेड जाईना — वायरीत नाही, माझ्या नखांखाली. पडद्यावरची ती खूण काढली की टेपच्या तालातून मीही सुटेन. कळतंय मला. पण मग टकटक, ह्यांचं बोलणं पुन्हा कुरतडलेलं — आणि लेक उद्या येतेय. वायर परत खोचली. एकदा सबंध उतरू दे. मग काढते.

रविवार, ९
टेप चाललीय तोवर लिहिते. अर्ध्याच्या पुढे गेली, पहिल्यांदाच —
जिन्यात बाळाचं रडणं. लेक आली. उठायचंय, पाय —
टेप शेवटाला आली. खूण काढायला हवी — हात पोचत नाही — नणंदेला ओरडले, टेप मागे फिरव, थांबू देऊ नको —
अगं, ऐकतेस का —
ऐकतेय, बो