चोवीस भाग आणि एक घर यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने पुस्तकबांधणी करणारा, हे स्वखुशीने लिहीत आहे. कान थोडे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. याआधीच्या माझ्या साऱ्या इच्छा तोंडी होत्या आणि त्या कोणी ऐकल्या नाहीत, म्हणून हे पहिले व शेवटचे मृत्युपत्र.

१. बँकेतील शिल्लक मुलीला. तिने ती जावयाच्या धंद्यात घालू नये. ही अट नाही, विनंती आहे. अट घातली असती तर तिने हमखास मोडली असती.

२. पुस्तके दाबायचा शिकंजा, आऱ्या आणि सरसाचे भांडे शेजारच्या सुताराला. न विचारता तो ती नेतोच. आता कायद्याने नेईल.

३. लंगड्या पोस्टमास्तरच्या रहस्यमालेचे चोवीस भाग मी स्वतः कापडात बांधले आहेत. शिवाय विसाव्या भागाची एक जादा प्रत मेव्हण्याला देत आहे, कारण तेवढाच त्याने वाचलेला नाही. सहावा भाग मी निम्म्यात असताना भर जेवणात 'अहो, खून डॉक्टरीणबाईंनीच केलाय' असे सांगणारा तो हाच. त्याच्या प्रतीतून शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पाने, वगळली आहेत. जशास तसे.

४. चोवीस भाग, वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान सूनबाईला. येथे थोडे सविस्तर लिहितो.

ही माला पहिल्यापासून, ओळीनेच वाचावी असे सांगून मी आयुष्यभर लोकांचे डोके खाल्ले. मुलगा अचानक गेला तेव्हा त्याच्या उशाशी तेरावा भाग होता, पानाचा कोपरा दुमडलेला. पुढे एका दुपारी सून तेच पान उघडून बसलेली दिसली. मी म्हणालो, "अगं, असं मधूनच काय वाचतेस? कोण मेलंय तेसुद्धा कळायचं नाही."

"कोण मेलंय ते मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली.

तिथून ती शेवटच्या भागापर्यंत वाचत गेली. अडले की मला विचारी आणि मी मागचे सांगे. या घरात बोलणे टिकले ते त्या पोस्टमास्तरमुळे, नाहीतर आम्ही दोघे मुक्यानेच जेवत राहिलो असतो.

कोपऱ्यावरचा चष्मेवाला विधुर आहे, सभ्य आहे, जरा बावळट आहे. माझ्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणतो आणि जिन्याखालीच उभा राहतो. काडी हल्ली फार वेळा मोडते, कारण मी ती मोडतो. मागच्या आठवड्यात त्याने सूनबाईला विचारले, "एवढे भाग आहेत, मी कुठून सुरू करू?" तिने 'बाबांना विचारते' म्हटले. वर येऊन म्हणाली, "बाबा, त्यांना काय सांगू?" तिचा चेहरा पाहून कळले की प्रश्न पुस्तकाचा नव्हता. मी उद्या सांगतो म्हणालो. ते उत्तर येथे देतो.

सूनबाई, तेरावा भाग त्याला देऊ नकोस. तो तुझा आणि माझ्या मुलाचा, तुझ्यापाशीच ठेव. त्याला पहिला दे. पहिले बारा तूही वाचलेले नाहीस, नुसते माझ्या तोंडून ऐकलेस. तेव्हा दोघांनी मिळून सुरू करा. बाबांना वाईट वाटेल का, असे तुझ्या मनात येईल. वाटेल. मुलगा आठवेल. तरी सुरू करा. लग्न केलेस तरी घर तुझे, न केलेस तरी तुझेच.

५. 'लोक काय म्हणतील' असे मुलीने काढल्यास तिने त्या लोकांना माझ्याकडे पाठवावे. मी तेव्हा कुठे सापडेन हे त्यांचे त्यांनी पाहावे.

६. चष्मेवाल्याला काहीही नाही, आणि हे मुद्दाम. ज्याला काही मिळते त्याची साक्ष नको, सूनबाईशी लग्न झाल्यावर तिचा नवरा म्हणूनही नको, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून घाईने आजच त्याला साक्षीला बोलावले आहे. टेबल वर आहे, तेव्हा जिना चढावाच लागेल.

स्थळ: वरची पुढची खोली.
तारीख: आजची, वकीलबाई घालतील.
सही: पुस्तकबांधणीवाला
साक्षीदार: १. वकीलबाई २. चष्मेवाला

ता. क. वकीलबाई नको म्हणत असताना ही ओळ घालतो. चौथे कलम मी सूनबाईलाही बोलावून मोठ्याने वाचून दाखवले. सही झाल्यावर चष्मेवाल्याने खाली मान घालून विचारले, "मग पहिला भाग घरी नेऊ का?"

सूनबाई म्हणाली, "नको. इथंच बसून वाचा."