तारा पुसण्याचं काम

१४ जून २००८, जांबे

दिवसभर एकाच माणसाला उडवत होते. म्हणजे उडवलं त्याला आधीच आहे, क्रेननं. कमरेला, खांद्यांना तारा बांधून. माझं काम त्या तारा चित्रातून पुसणं, संगणकावर. फ्रेममागून फ्रेम. डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारा शॉट, आठवडा खाणार. परदेशी कॉमिकमधला हिरो, त्याच्या सिनेमाचा तिसरा भाग. चौथ्याची बोलणी आत्ताच चालू आहेत म्हणे.

चेहऱ्याकडे बघायचं नसतं, तारांकडे बघायचं. तरी बघितलं. मागे हिरवं कापड, समोर काठीला लावलेला टेनिसचा चेंडू. त्या चेंडूकडे बघताना याच्या डोळ्यांत खरं पाणी. चेंडूच्या जागी नंतर शत्रू येणार, दुसऱ्या कुठल्या तरी देशात बसून कुणीतरी बनवलेला. पाणी मात्र त्याचं स्वतःचं.

अभयला सांगावंसं वाटलं. फोन केला. "निर्मात्याकडे आहे, नंतर करतो."
केला नाही.

२२ जून, रविवार

अभय आला मुंबईहून. त्याच्या बाईकवर पौड रस्त्यानं धरणापर्यंत. भुकूमला चहा. कॉलेजात होतो तेव्हापासून हाच रस्ता. तेव्हा भुकूमला इमारती नव्हत्या आणि आमच्याकडे स्क्रिप्ट नव्हती.

आता आहे. सगुणा. धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावातली बाई. नवरा मुंबईला कामाला, शनिवारी लाँचनं घरी येणारा. एका शनिवारी येत नाही. पुढच्याही नाही. ती धक्क्यावर येत राहते. दोन वर्षं दोघं मिळून लिहितोय.

धक्क्यावर बसलो. अ. म्हणाला, "शेवटी ती करते काय?"
"वाट बघते."
"हो गं, पण करते काय?"

परतताना तो काहीतरी बोलत होता, वाऱ्यात ऐकू येईना. मी आपलं हो हो म्हणत राहिले. लातूरहून इथे कशासाठी आले ते अशा रस्त्यावर आठवतं. तारा पुसायला नव्हते आले.

१९ जुलै

मावशींना सिनेमाला नेलं. मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. ऊस होता तिथे आता त्यांच्या दहा खोल्या आहेत, त्यातली एक माझी. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्यांदाच आल्या. सरकत्या जिन्यावर माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

दुसऱ्या एका हिरोचा नवा भाग, हिंदीत डब केलेला. पहिले भाग त्यांनी पाहिलेले नाहीत. मला वाटलं झोपतील. तर सगळा वेळ पुढे वाकून. मारामारीत नाही हं. तो मुखवटा काढून घरी येतो, आईला काही सांगत नाही, नुसता जेवतो, तिथे मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

बाहेर आल्यावर: "त्येच्या आईला ठावं न्हाई व्हय गं, पोरगं काय करतंय ते?"
"नाही."
"आन् आता? फुडं काय व्हतंय?"
"पुढच्या भागात."
"मग जाऊ की. कवा हाय?"

दोन वर्षांनी, म्हटलं. हिशेब केल्यासारखा चेहरा केला, मग म्हणाल्या, "व्हईल तवर. आपुन हायेच."

२३ जुलै

मावशींचं डोक्यातून जात नाही. आम्ही ऑफिसात म्हणतो, इफेक्ट्समुळे चालतं. म्हणायलाच हवं, आमचं पोट त्यावर. पण मला वाटतं लोक ओळखीच्या माणसाला भेटायला जातात. तो बदललेला नसतो. आणि जाताना सांगून जातो, परत येईन.

आमच्या मजल्यावर पाटण्याचा एक आहे, कोट्टायमची एक, जळगावचे दोघे. कुणाला कुणाचं गाव माहीत नाही. त्या हिरोचं शहर मात्र सगळ्यांना पाठ. डबा खाताना सगळे तिथलेच असतात. हेवा वाटला. आपल्या सगुणाच्या गावाला असं कोण...

३ ऑगस्ट

कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा मराठी सिनेमा शुक्रवारी लागला. आज रविवार, चिंचवडला गेले तर उतरवलेला. खिडकीतला म्हणाला, "मॅडम, त्याचे शो हिरोला दिले." सकाळचा एक ठेवलाय, तोही फक्त सातारा रस्त्याच्या थिएटरात. अभयला कळवलं. तो: "म्हणूनच बोलायचंय तुझ्याशी."

१० ऑगस्ट

बोलला. भुकूमच्या हॉटेलात, पाऊस, आत बसायला जागा नाही, छपराखाली उभ्याने.

निर्मात्याला सगुणा आवडली. पण नुसती धक्क्यावर बसलेली नको. धरणात गाव बुडालंय ना, त्या गावाची शक्ती तिच्यात येते. ती पाण्यातून उठते. पहिला भाग तिथे संपतो. तीन भागांचं बोलणं झालंय.

"आणि नवरा?"
"तोच व्हिलन निघतो. दुसऱ्या भागात."

हसले मी. तो हसला नाही.

"रोहिणी, ऐक. आपला सिनेमा सकाळच्या शोला सात माणसं बघणार. हा गावोगाव लागेल. आपल्या मातीतली पहिली अशी बाई. तुला नकोय का ते?"

हवंय की. तेच तर. पंधरा वर्षांची असते तर रांगेत पहिली उभी राहिले असते त्या बाईसाठी.

"शूटिंग तरी इथे करशील ना? पाण्यावर?"
"हिरव्या पडद्यावर. पाणी तू करणार. तुझ्याइतकं हे पाणी कुणी बघितलंय?"

चहा गार झालेला. त्याच्या बाहीवर पावसाचे थेंब. तो काय म्हणतोय त्यापेक्षा ते जास्त दिसत होते.

११ ऑगस्ट

रागावता येत नाहीये.

३० ऑक्टोबर, लातूर

भाऊबीज. दादा म्हणाला, "तुमच्या कंपनीचा तो उडणारा बघितला सीडीवर, मागचा भाग. भारी काम करता राव!" आईला अभिमान. तार दिसली नाही म्हणून कौतुक. म्हणजे मी दिसले नाही म्हणून.

आई: "आणि तुझा स्वतःचा पिक्चर?"
"चाललंय."
"तो मुलगा, अभय?"
"चाललंय."

आई ताटं उचलायला लागली.

१८ जानेवारी २००९, जांबे

मंदी. ऑफिसातले बरेच गेले, पाटण्याचाही. मी राहिले. हिरोचा चौथा भाग आमच्याकडे कामाला आलाय, म्हणून. ज्याच्यामुळे माझी खोली चालते त्याच्यावर चिडायचं कसं?

जाणाऱ्यांना निरोप देताना पाटण्याचा म्हणाला, "मेरा वाला शॉट ध्यान से करना." त्याचा शॉट माझ्याकडे आलाय. चेंडूकडे बघून रडण्याचाच, पण या वेळचं रडणं वेगळं. सावकाश करतेय.

८ फेब्रुवारी, रविवार

अभय आला. न सांगता. मी बाजारातून आले तर ओट्यावर मावशींशी बोलत बसलेला, हातात भुईमुगाच्या शेंगा.

मावशी: "ह्यो म्हनतोय बाई पान्यातनं उठती. का उठती पन?"
अ. म्हणाला, "गावाला वाचवायला."
"गाव तर बुडालं न्हवं."

त्या आत गेल्या. तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला, खाल्ल्या नाहीत. मार्चमध्ये शूटिंग. पाण्याचं काम मी घेणार की नाही, ते निर्मात्याला आठवड्यात सांगायचंय. मी नाही म्हटलं.

"का?"
"ते पाणी मला खोटं करता येईल, म्हणून."

वाटलं उठून जाईल. बसून राहिला. मग म्हणाला, "मग सगुणा तू ठेव. नाव, धक्का, लाँच, सगळं. माझ्या बाईचं नाव मी बदलतो. निर्मात्याला काही फरक पडत नाही."

"आणि तुला?"
"मला पडतो. पण मला हा सिनेमा करायचाय, रोहिणी. खरंच करायचाय. लाजून नाही करत."

ते ऐकून बरं वाटलं, आणि फार एकटंही. लाजत असता तर सोपं गेलं असतं.

गेटपर्यंत सोडायला गेले. हेल्मेट घातल्यावर तो काहीतरी म्हणाला. काय, विचारलं नाही.

१३ मार्च

रजा. कॅमेरा जळगावच्या एकाचा, लग्नाच्या शूटिंगचा. एसटीनं धरण. मावशींची बहीण, पारूताई, तिथेच राहते. धक्क्यावर बसायला तयार झाली. काय करू, म्हणाली. काही नाही, म्हटलं, लाँच येईपर्यंत बसा. "त्ये तर रोजचंच हाय."

बसली. वारा होता, पदर सारखा करत राहिली. मध्येच कॅमेरा विसरली. तेव्हा जे काही चेहऱ्यावर आलं ते आम्ही दोन वर्षांत लिहू शकलो नव्हतो. अभय बाजूला असता तर हळूच कोपरानं ढोसलं असतं मला. इतकं वाटलं की बाजूला बघितलं.

लाँच लागली. लोक उतरले. पिशव्या, एक सायकल, एक नवरी. मी कॅमेरा चालू ठेवला.

हा सिनेमा होईल का? माहीत नाही. एक टेप आहे.

१८ मार्च

अभयचा एसएमएस. त्याची बाई काल पहिल्यांदा तारांवर चढली, स्टुडिओत. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू शूट केलंस असं ऐकलं. शनिवारी येतो. दाखवशील?"

ये, लिहिलं. पाठवलं.

मावशींना जाता जाता सांगितलं होतं. संध्याकाळी त्या दारात. "शनवारी पावना हाय म्हनं? भाकरी किती टाकू?"

तो आला की सांगते, म्हटलं.